परदेशी कंपनीची ट्रेडमार्क तक्रार आली तर? घाबरू नका, पण गप्पही बसू नका

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई, केज अशा गावांमध्ये आता घरातून ऑनलाइन धंदा करणारी कुटुंबं बरीच दिसतात. कुणी अबाया आणि हिजाब शिवतं, कुणी अत्तराच्या बाटल्या भरतं, कुणी लोणचं, मसाला, सीताफळाचा गर विकतं. बहीण शिवते, भाऊ मोबाइलवर फोटो काढतो, अब्बा पार्सल घेऊन कुरिअरवाल्याकडे जातात. जेद्दा नाहीतर दुबईत असलेले मामू तिथल्या ओळखीच्या लोकांना लिंक पाठवतात. सुरुवात व्हॉट्सॲपवर होते, मग इन्स्टाग्राम, मग ॲमेझॉन आणि एट्सी.

आणि एक दिवस, नेमकं ईदच्या तोंडावर, इंग्रजीत ईमेल येतो. तुमच्या मालामुळे अमुक परदेशी कंपनीच्या ट्रेडमार्कचं उल्लंघन होतं अशी तक्रार आली आहे, म्हणून तुमचं लिस्टिंग काढलं आहे. कधी खात्यातले पैसेही अडकवलेले असतात. घरात मग दोन प्रकारची बोलणी सुरू होतात. एक म्हणतो, "संपलं, आता पोलीस येणार." दुसरा म्हणतो, "अमेरिकेची कंपनी बीडला येऊन काय करणार? सोडून दे."

दोघांचंही म्हणणं बरोबर नाही. अशा तक्रारीला उत्तर देता येतं, आणि बऱ्याचदा लहान दुकानदाराची बाजू त्याला वाटते त्यापेक्षा भक्कम असते. पण ती बाजू वेळेत आणि कागदासकट मांडावी लागते.

तक्रार म्हणजे निकाल नाही

ट्रेडमार्क म्हणजे धंद्याची ओळख. नाव, चिन्ह, लोगो, कधी बाटलीचा आकारसुद्धा. एकाचा माल समजून ग्राहकाने दुसऱ्याचा घेऊ नये, यासाठी हे संरक्षण आहे. आपल्याकडे त्यासाठी ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ आहे. तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला.

ॲमेझॉन, इन्स्टाग्राम किंवा एट्सी ही न्यायालयं नाहीत. तक्रारदाराने ट्रेडमार्कचा नोंदणी क्रमांक दिला, फॉर्म पूर्ण भरला, की ते बहुतेक वेळा आधी माल काढतात आणि मग चौकशी करतात. कारण सांगूनही माल तसाच ठेवला तर त्यांच्यावरच जबाबदारी येऊ शकते. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ अशा मंचांना संरक्षण देतं, पण ते अटींवर. त्यामुळे लिस्टिंग गेलं याचा अर्थ तुम्ही दोषी ठरलात असा होत नाही.

मात्र परिणाम निकालासारखाच होतो. विक्री थांबते, पैसे अडकतात, आणि न सोडवलेल्या तक्रारी साठत गेल्या तर खातंच कायमचं बंद होऊ शकतं. म्हणून तक्रार छोट्या मालाबद्दल असली तरी तिचं उत्तर द्यायचं.

आणखी एक गोष्ट नीट वाचा. तक्रार कॉपीराइटची आहे की ट्रेडमार्कची? दुसऱ्याचा फोटो किंवा डिझाइन उचललं तर ती कॉपीराइटची तक्रार. तिच्यात अमेरिकन कायद्याप्रमाणे ठरलेल्या नमुन्यात प्रतिनोटीस देता येते आणि तक्रारदार कोर्टात गेला नाही तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत लावला जातो. ट्रेडमार्कच्या तक्रारीला अशी ठरलेली प्रतिनोटीस नाही. तिथे मंचाकडे अपील करायचं किंवा तक्रारदाराकडून तक्रार मागे घेऊन आणायची, हे दोनच मुख्य रस्ते आहेत. यूट्यूबवर बघून भलताच फॉर्म भरला तर हातचा वेळ जातो.

आधी खात्री करा, तक्रार खरी आहे का

"तुमच्या पेजने ट्रेडमार्कचा भंग केला आहे, २४ तासांत इथे क्लिक करा, नाहीतर पेज बंद" असे मेसेज फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर सर्रास फिरतात. त्यातले पुष्कळ पासवर्ड चोरण्यासाठी असतात. लिंकवर हात लावू नका. आपल्या खात्यात नेहमीच्या रस्त्याने लॉगिन करा आणि खात्याची स्थिती किंवा सूचना दाखवणाऱ्या भागात ती तक्रार दिसते का ते बघा. तिथे नसेल तर मेसेज खोटा असण्याचीच शक्यता जास्त.

खऱ्या तक्रारीत साधारण एवढं असतं: तक्रारीचा क्रमांक, तक्रारदाराचं नाव आणि ईमेल, ट्रेडमार्कचा नोंदणी क्रमांक आणि देश, आणि तुमचा कुठला माल. नोंदणी क्रमांक फुकट तपासता येतो. भारतातला असेल तर ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या वेबसाइटवर, परदेशातला असेल तर जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या, म्हणजे वायपोच्या, ब्रँड शोध पानावर. नोंदणी जिवंत आहे का, कुठल्या मालासाठी आहे आणि कुठल्या देशात आहे, या तिन्ही गोष्टी वहीत लिहून घ्या. पुढचं सगळं उत्तर त्यावर उभं राहणार आहे.

ट्रेडमार्कला देशाची हद्द असते

सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट हीच आहे. अमेरिकेत नोंदवलेला ट्रेडमार्क अमेरिकेत चालतो. त्या कागदाच्या जोरावर बीडच्या दुकानदाराला बीडमध्ये माल विकायला मनाई करता येत नाही. त्यासाठी कंपनीची भारतात नोंदणी हवी, किंवा भारतातल्या ग्राहकांमध्ये तिचं नाव आधीपासून झालेलं असल्याचा पुरावा हवा.

सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१७ रोजी टोयोटाच्या खटल्यात हेच सांगितलं. टोयोटाने प्रियस नावाची गाडी १९९७ मध्ये जपानमध्ये आणली. भारतात गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी २००१ पासून तेच नाव वापरत होती. जगभर नाव झालं आहे एवढं पुरेसं नाही, भारतीय कंपनीने नाव वापरायला सुरुवात केली त्या वेळी इथल्या बाजारात ते नाव पोचलेलं होतं हे दाखवा, असं न्यायालयाने म्हटलं. टोयोटाला ते दाखवता आलं नाही.

पण ही हद्द दोन्हीकडून लागू होते. तुमचा माल दुबईला किंवा अमेरिकेला जात असेल तर त्या विक्रीला तिथला कायदा लागतो. भारतात तुमचं नाव नोंदवलेलं असलं तरी तिथे त्याचा थेट उपयोग नाही. म्हणून उत्तर देताना स्वतःला विचारा: तक्रार कुठल्या देशातल्या विक्रीबद्दल आहे? बऱ्याच वेळा त्या एका देशातली विक्री थांबवून बाकीचा धंदा चालू ठेवता येतो.

पुण्याच्या बर्गर किंगची केस

आपल्या राज्यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण पुण्याचं आहे. एका इराणी कुटुंबाने १९९२ मध्ये पुण्यात बर्गर किंग नावाने खाण्याचं दुकान सुरू केलं. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने भारतात ट्रेडमार्कची नोंदणी १९७९ मध्येच केली होती, पण इथे तिचं पहिलं दुकान उघडलं ते २०१४ मध्ये. कंपनीने २०११ मध्ये पुण्याच्या कोर्टात दावा लावला.

२०२४ मध्ये पुणे जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. पुण्यातलं दुकान कंपनीच्या इथल्या धंद्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, हा मुद्दा महत्त्वाचा ठरला. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या दुकानाला ते नाव वापरायला मनाई केली. मग मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली.

यातून तीन गोष्टी घ्यायच्या. एक, लहान दुकानदार जगातल्या मोठ्या कंपनीसमोर टिकू शकतो. दोन, ही लढाई वर्षानुवर्षं चालते आणि मधल्या काळात पारडं कधी इकडे, कधी तिकडे झुकतं. तीन, सगळी भिस्त कागदावर असते. पुण्याच्या कोर्टात कंपनीने २० लाख रुपयांची भरपाई मागितली होती, दुकानदारानेही त्रास दिल्याबद्दल तेवढीच मागितली. पुरेसा पुरावा नाही म्हणून दोघांनाही मिळाली नाही.

ट्रेड मार्क्स कायद्याचं कलम ३४ इथे कामाला येतं. कुणी नाव नोंदवण्याच्या आणि वापरण्याच्याही आधीपासून तुम्ही ते नाव सतत वापरत असाल, तर तुम्हाला थांबवता येत नाही, असा त्याचा सारांश. स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला कलम ३५ आधार देतं. पण "आमच्या दादाजींच्या काळापासून" हे नुसतं सांगून भागत नाही, दाखवावं लागतं.

आपली बाजू कुठल्या प्रकारात बसते?

वकिलाकडे जाण्याआधी घरात बसून प्रामाणिकपणे ठरवा. साधारण चार प्रकार होतात.

पहिला, सरळ नक्कल. नामांकित कंपनीचा लोगो लावलेला बूट, घड्याळ, "फर्स्ट कॉपी" परफ्यूम. इथे बचाव नाही. लेबल दुसऱ्याचं लावणं हा आपल्या कायद्यात गुन्हाही आहे. कलम १०३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणाऱ्यालाही कलम १०४ प्रमाणे तशीच शिक्षा आहे. "होलसेलवाल्याने दिलं, आम्ही फक्त विकलं" असं असेल तर खरेदीचं बिल आणि पुरवठादाराचं नाव सांगता आलं पाहिजे. माल तात्काळ काढा आणि तडजोडीचा विचार करा.

दुसरा, नाव मिळतंजुळतं. तुम्ही अत्तराला अरबी शब्दाचं नाव दिलं आणि तसंच नाव आखातातल्या एखाद्या कंपनीचं निघालं. नूर, बरकत, मदिना असे शब्द शेकडो जण वापरतात. इथे भांडण्यासारखं बरंच असतं. माल एकच आहे का? एकूण दिसण्यात साम्य आहे का? ग्राहकाचा खरंच गोंधळ होईल का?

तिसरा, माल अस्सल आहे पण कंपनीचा नेमलेला विक्रेता तुम्ही नाही. दुबईहून भाईजानने बिलासकट परफ्यूम आणला आणि तुम्ही इथे विकला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये सॅमसंगच्या खटल्यात असं ठरवलं की परदेशात कायदेशीरपणे विकत घेतलेला अस्सल माल भारतात आणून विकता येतो. मात्र माल कंपनीने आयात केलेला नाही आणि वॉरंटी कंपनीची नाही, हे ग्राहकाला स्पष्ट कळलं पाहिजे. माल बदललेला किंवा पॅकिंग फोडलेलं नको. हा भारतातला नियम झाला, दुसऱ्या देशात विकताना तिथला नियम बघावा लागतो.

चौथा, वर्णनापुरता उल्लेख. "अमुक कंपनीच्या मोबाइलला बसणारं कव्हर" असं लिहिणं वेगळं आणि कव्हरवर त्या कंपनीचा लोगो छापणं वेगळं. पहिलं साधारण चालतं, दुसरं चालत नाही. अत्तराच्या शीर्षकात मोठ्या ब्रँडचं नाव घालून "तसाच वास" असं लिहिणं धोक्याचं आहे.

पहिल्या सात दिवसांत काय करायचं

१. सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या: ईमेल, लिस्टिंग, मालाचे फोटो, खात्यातली शिल्लक. तारीख दिसू द्या.

२. काहीही डिलीट करू नका. जुन्या पोस्ट पुसल्या तर तुमचाच पुरावा जातो. तुम्ही नाव पहिल्यांदा कधी वापरलं हे कदाचित त्याच पोस्टवरून कळणार असतं.

३. त्या मालाची विक्री उत्तर देईपर्यंत थांबवा. तक्रार कळल्यावरही विकत राहिलात तर "जाणूनबुजून केलं" असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते.

४. आपाच्या किंवा भावाच्या नावाने नवीन खातं उघडू नका. बँक खातं, मोबाइल, पत्ता यावरून मंच दोन्ही खाती जोडतात आणि मग दुसरंही बंद होतं.

५. कागद गोळा करा: पहिलं विक्री बिल, लेबल छापणाऱ्या प्रेसचं बिल, कुरिअरच्या पावत्या, जीएसटीचे कागद, उद्यम प्रमाणपत्र, कापड किंवा तेल खरेदीची बिलं, डोमेन घेतल्याची पावती.

६. उत्तराची शेवटची तारीख शोधा आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. वेळ कमी असेल तर एका ओळीचा ईमेल करून मुदत मागा. मागितली तर बऱ्याचदा मिळते.

७. स्पॅम आणि जंक फोल्डर रोज बघा. याचं कारण पुढे येतंच आहे.

उत्तर कसं लिहायचं

उत्तर लहान, शांत आणि मुद्देसूद असावं. इंग्रजी चांगलं लिहिणाऱ्या मुला-मुलीची मदत घ्या, पण मजकूर तुमचा असू द्या. साधारण असा क्रम ठेवा:

"तुमची अमुक तारखेची, अमुक क्रमांकाची तक्रार मिळाली. आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून हे उत्तर देत आहोत. आम्ही हे नाव अमुक वर्षापासून अमुक मालासाठी वापरतो, पहिलं बिल सोबत जोडलं आहे. तुमची नोंदणी अमुक देशात अमुक मालासाठी आहे. आमचा माल वेगळा आहे आणि विक्री भारतात होते. चर्चेसाठी त्या देशातली विक्री तूर्त थांबवली आहे. तक्रार मागे घ्यावी, किंवा तुमचा नेमका आक्षेप कळवावा."

"हक्क अबाधित ठेवून" ही ओळ विसरू नका. नाहीतर तडजोडीसाठी लिहिलेलं वाक्य पुढे कबुली म्हणून समोर येऊ शकतं. भावनेच्या भरात "माफ करा, आमच्याकडून गुन्हा झाला" असं लिहू नका आणि "काय करायचं ते करा" असंही लिहू नका.

हेच कागद जोडून मंचाकडे वेगळं अपील करा. भारतात काम करणाऱ्या मंचांना तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. समाजमाध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन जाता येतं.

तडजोड करायची ठरली तर सही करण्याआधी चार गोष्टी बघा. पैसे दिल्यावर मंचाला तक्रार मागे घेतल्याचा ईमेल कंपनी किती दिवसांत पाठवणार? शिल्लक माल संपवायला किंवा लेबल बदलायला किती मुदत? मनाई फक्त त्या देशापुरती की जगभर? आणि कागदावर तुमची गुन्ह्याची कबुली तर लिहिलेली नाही ना?

समोरच्याची धमकी पोकळ असेल तर कलम १४२ आहे. विनाकारण ट्रेडमार्कच्या दाव्याची धमकी देणाऱ्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात जाता येतं. पण नोंदणीधारकाने खरंच दावा लावला तर हे कलम चालत नाही.

कोर्टाची नोटीस आली तर

परदेशी कंपनी भारतातल्या कोर्टातही येते, आणि ते कोर्ट बीडचं किंवा छत्रपती संभाजीनगरचं असेलच असं नाही. कुस्तीचे कार्यक्रम करणाऱ्या वर्ल्ड रेसलिंग एंटरटेनमेंट या अमेरिकन कंपनीने मुंबईच्या रेश्मा कलेक्शन या कपडे विकणाऱ्या फर्मवर दिल्लीत दावा लावला. प्रतिवादी मुंबईचे, मग दिल्ली का, असा प्रश्न आला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१४ मध्ये म्हटलं की कंपनी वेबसाइटवरून दिल्लीच्या ग्राहकांना माल विकते, म्हणजे ती दिल्लीत धंदा करते, म्हणून दावा तिथे चालू शकतो. तेव्हा दिल्लीहून समन्स आलं तर ते खोटं समजून ठेवून देऊ नका.

अमेरिकेतली पद्धत आणखी वेगळी आहे. शिकागोच्या फेडरल कोर्टात एकाच दाव्यात शेकडो ऑनलाइन विक्रेत्यांची यादी जोडली जाते. कोर्ट आधी खाती गोठवण्याचा आदेश देतं आणि नोटीस ईमेलने येते. उत्तराला साधारणपणे २१ दिवस असतात. उत्तर नाही दिलं तर एकतर्फी निकाल लागतो. नकली मालासाठी तिथल्या कायद्यात एका ट्रेडमार्कमागे १ हजार ते २ लाख डॉलर आणि जाणूनबुजून केलं असेल तर २० लाख डॉलरपर्यंत भरपाई आहे.

२०२३ मध्ये फ्लोरिडातल्या एका आजारी महिलेवर अशीच वेळ आली. तिने गायक ल्यूक कोम्ब्सच्या नावाचे १८ पेले ऑनलाइन विकले होते, एकूण ३८० डॉलरचे. कोर्टाचा ईमेल तिच्या जंक फोल्डरमध्ये पडून राहिला. निकाल लागला अडीच लाख डॉलरचा आणि ॲमेझॉनवरचे तिचे पैसे अडकले. बातमी झाल्यावर त्या गायकाने स्वतः माफी मागितली आणि तिला ११ हजार डॉलर द्यायचं जाहीर केलं. प्रत्येकाचं नशीब असं नसतं. म्हणून वर स्पॅम फोल्डरचं सांगितलं.

अशा दाव्यांत बरेच विक्रेते तडजोड करून यादीतून नाव काढून घेतात. कंपनीच्या वकिलाचा ईमेल नोटिशीत असतो. विक्री किती झाली याचा खरा हिशेब दिला तर रक्कम खाली येऊ शकते.

तिकडचा निकाल बीडपर्यंत पोचतो का?

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ४४-अ इथे लागतं. सरकारने जाहीर केलेल्या देशांच्या वरिष्ठ कोर्टाचा पैशाचा हुकूमनामा आपल्या जिल्हा न्यायालयात थेट वसुलीला लावता येतो. या यादीत ब्रिटन आणि सिंगापूर आहे, आणि जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिराती, म्हणजे दुबई-अबू धाबीसुद्धा. आखातात माल पाठवणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावं. तिथल्या समन्सकडे दुर्लक्ष केलं तर वसुली घरच्या जिल्ह्यात येऊ शकते.

अमेरिका या यादीत नाही. तिथल्या निकालावर इथे वेगळा दावा लावावा लागतो. आणि कुठलाही परदेशी निकाल गुणदोषांवर दिलेला नसेल, तुम्हाला बोलण्याची संधीच दिलेली नसेल किंवा फसवणुकीने मिळवला असेल, तर कलम १३ प्रमाणे हरकत घेता येते.

पण यावर निर्धास्त होऊ नका. अमेरिकेच्या कोर्टाचा हात तुमच्या घरापर्यंत पोचला नाही तरी ॲमेझॉन किंवा पेपालवर अडकलेल्या तुमच्या पैशापर्यंत पोचतो. म्हणूनच विक्रीची रक्कम महिनोन्महिने मंचावर पडू देऊ नये, नियमित बँकेत घ्यावी. आणि दुबईतल्या नातेवाइकाच्या नावावर तिथे माल ठेवत असाल तर कारवाई त्याच्यावर होऊ शकते, त्याच्या नोकरी-व्हिसाचाही विचार करा.

वेबसाइटच्या नावावर तक्रार

डॉट कॉमच्या नावावर आक्षेप असेल तर प्रकरण वायपोसारख्या संस्थेच्या लवादाकडे जातं. उत्तराला २० दिवस मिळतात आणि उत्तर द्यायला फी नसते. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव त्याच्या ट्रेडमार्कसारखं आहे, तुमचा त्यावर काही हक्क नाही, आणि तुम्ही ते वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं. तिन्ही हव्यात, एकही कमी चालत नाही. इथे दंड होत नाही, फक्त डोमेन जाऊ शकतं. निकाल विरोधात गेला तर १० कामकाजाच्या दिवसांत कोर्टात जाऊन हस्तांतर थांबवता येतं. डॉट इन नावांसाठी अशीच वेगळी भारतीय पद्धत आहे.

मदत कुठे मिळेल

बीडच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. घरातला धंदा अम्मी किंवा बहिणीच्या नावावर असेल तर त्यांनी जरूर जावं. हेल्पलाइन १५१०० आहे. ट्रेडमार्कचं काम रोज करणारे वकील जास्त करून मुंबई-पुण्यात असतात, पण कागद तपासण्याचं काम व्हिडिओ कॉलवर होतं. फी आधी ठरवा आणि लेखी घ्या.

आजच करण्यासारखं

नाव ठेवण्याआधी शोधा, आणि ठेवलं की नोंदवा. व्यक्ती, स्टार्टअप किंवा उद्यम प्रमाणपत्र असलेल्या छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, बाकीच्यांना ९,०००. कपडे वर्ग २५ मध्ये येतात, अत्तर वर्ग ३ मध्ये, लोणचं आणि फळांचा गर वर्ग २९ मध्ये, मसाले वर्ग ३० मध्ये. नोंदणी १० वर्षं चालते आणि पुढे वाढवता येते. नोंदणी मिळण्याआधी वर्तुळातलं 'आर' हे चिन्ह लावू नका, ते बेकायदा आहे.

परदेशात नियमित विक्री असेल तर माद्रिद पद्धत आहे. भारत त्यात ८ जुलै २०१३ पासून आहे आणि अमिरातीही डिसेंबर २०२१ पासून. भारतातल्या अर्जाच्या आधारे एकाच अर्जात अनेक देश निवडता येतात. भारतात अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत केला तर तारीख भारतातल्या अर्जाचीच धरली जाते.

सीताफळाचा गर विकणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते नाव कुणा एकाच्या मालकीचं नाही, पण मानांकनाच्या नावाने विकायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. तुमचा स्वतःचा ब्रँड वेगळा ठेवा आणि तो वेगळा नोंदवा.

शेवटचं काम अगदी साधं आहे. एक फाइल करा. त्यात पहिलं बिल, पहिल्या लेबलचा नमुना, पहिल्या पोस्टचा प्रिंट आणि दर वर्षाची दोन-चार बिलं लावत जा. ज्या दिवशी तो इंग्रजी ईमेल येईल त्या दिवशी घरातल्या कुणालाही ती फाइल चटकन सापडली पाहिजे. ही माहिती घरून धंदा करणाऱ्या तुमच्या ओळखीच्या बहीण-भावांपर्यंतही पोचवा.